उन्हाळा, आपली कातडी आणि मदतीचा डबा

(पडेगाव येथे एप्रिलच्या पहिल्या शनिवारी झालेल्या उन्हाळी सेवा-प्रशिक्षणात महिला संघ व तरुण संघाच्या सभासदांपुढे केलेले भाषण)



पुढच्या आठवड्यापासून आपण कन्नड आणि सोयगाव तालुक्यांतल्या वस्त्यांवर जाणार आहोत. त्याआधी तुमच्याशी एका विषयावर बोलावे असे पाळकसाहेबांनी सुचवले. उन्हाळ्यात कातडीची काळजी कशी घ्यावी आणि अंगावर जे काही उठते त्याचे काय करावे, हा तो विषय. विषय ऐकून मागच्या रांगेतल्या तरुणांना हसू आले, ते मी पाहिले. हसा. मीही पूर्वी हसले असते. ताप, जुलाब, कुपोषण हे आजार खरे, खाजेचे काय घेऊन बसलात, असेच मला वाटायचे. पण वस्तीवर गेल्यावर तुमच्याभोवती जी माणसे जमतील, त्यांतली सर्वांत जास्त माणसे अंगाला खाज सुटते म्हणूनच आलेली असतील. रात्रभर खाजवणाऱ्या माणसाला झोप नसते. झोप नसलेले माणूस दुसऱ्या दिवशी उन्हात काम करते. खाजवून जखम होते, जखमेत पू होतो, मजुरी बुडते. ईयोब राखेत बसून खापरीने अंग खाजवत होता, हे आपण लहानपणापासून ऐकतो. ती गोष्ट मला वस्तीवर गेल्यावर कळली.

मी डॉक्टर नाही. ईश्वरविज्ञानाची पदविका घेतलेली, वस्त्यांवर फिरणारी एक कार्यकर्ती आहे. आज जे सांगणार आहे ते घाटी रुग्णालयाच्या त्वचारोग विभागातल्या डॉक्टरांकडून, गावातल्या नर्सबाई आणि आशाताईंकडून, आणि काही स्वतःच्या चुकांमधून शिकले आहे. सुरुवात चुकीपासूनच करते.

माझी चूक

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. गौताळ्याच्या डोंगराखाली भिल्ल कुटुंबांची एक वस्ती आहे. मार्चअखेर तिथली माणसे ऊसतोडीवरून परत आली होती. पाच-सहा महिने कोपीत राहायचे, पहाटे अंधारात उठून फडात जायचे, घामाने भिजलेले लुगडे अंगावरच वाळवायचे, आणि आंघोळीला आडोसा नाही म्हणून अंधाराची वाट पाहायची, असे ते जगणे. एक बहीण मला बाजूला घेऊन गेली. तिच्या कमरेला, नाडी बांधतात तिथे, आणि जांघेत लाल कडेचे गोल गोल चट्टे उठले होते. खाजवून खाजवून कातडी काळी पडली होती. पुरुष माणसाला दाखवायची लाज, म्हणून महिनेच्या महिने तिने ते अंगावर काढले होते.

माझ्याजवळ पत्र्याचा डबा होता. आपल्याच मंडळीच्या घराघरांतून जमा केलेल्या औषधांचा. त्यात एक मलमाची ट्यूब होती, अर्धी वापरलेली, पण मुदत न संपलेली. मी ती तिला दिली. दोन दिवसांत खाज थांबली. पुढच्या फेरीला ती धावत आली, माझे हात धरले, आणि सगळ्या वस्तीला सांगितले की ताईच्या औषधाला गुण आहे. मी डोंगर उतरताना प्रभूचे आभार मानले.

पावसाळ्यात परत गेले तेव्हा तिची पाठ भरून गेली होती. चट्टे कमरेवरून वर चढले होते, जांघेतली कातडी कागदासारखी पातळ होऊन तिच्यावर भेगांसारखे पट्टे उठले होते. ट्यूब संपल्यावर तिने तीच ट्यूब दुकानात दाखवून आणखी चार विकत आणल्या होत्या, त्याही उसने पैसे घेऊन. आणि मायेपोटी तेच मलम मुलीच्या गालावरच्या डागालाही लावले होते. मुलीचा गाल लालबुंद झाला होता, उन्हात गेली की आग व्हायची.

आम्ही दोघींना घाटीत घेऊन गेलो. डॉक्टरांनी रिकामी ट्यूब हातात घेतली, मागचा बारीक मजकूर वाचला आणि मला विचारले, "हे कुणी दिले?" मी म्हणाले, "मी." त्या मलमात बुरशीच्या औषधाबरोबर जोरदार स्टेरॉइड होते.

बुरशी कातडीत वाढते तेव्हा शरीर तिच्याशी झगडते. लाली, खाज, सूज ही त्या झगड्याची खूण. स्टेरॉइड तो झगडाच बंद पाडते. घरात चोर शिरला आणि आपण भुंकणाऱ्या कुत्र्याचे तोंड बांधून निवांत झोपलो, तसे ते. आवाज बंद होतो. चोर मात्र घरातच असतो. मलम थांबवले की चट्टे पूर्वीपेक्षा जास्त जोमाने उसळतात, मग माणूस पुन्हा तेच मलम आणतो.

ही एकट्या आमच्या वस्तीची गोष्ट नाही. गेल्या दहा-पंधरा वर्षांत भारतभर गजकर्ण हट्टी झाला आहे. त्वचारोगतज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेने या मलमांविरुद्ध मोहीम चालवली. मार्च २०१८ मध्ये केंद्र सरकारने १४ प्रकारची स्टेरॉइड मलमे चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा आदेश काढला. आपल्याकडे फैलावलेल्या बुरशीच्या एका जातीला शास्त्रज्ञांनी २०२० मध्ये भारताच्या नावावरूनच 'ट्रायकोफायटॉन इंडोटिनिई' असे नाव दिले. तिच्यावर नेहमीचे टर्बिनाफीन अनेकदा लागू पडत नाही. आदेश निघाला तरी ट्यूब अजून सहज मिळते, आणि आपल्या घरांतल्या कपाटांतही ती पडून आहे.

त्या बहिणीला बरे व्हायला कित्येक महिने गोळ्या घ्याव्या लागल्या. पट्टे कायमचे राहिले. मी तिची क्षमा मागितली, तेव्हा ती म्हणाली, "ताई, तुम्ही दिलं ते मायेनंच दिलं. पर आता देताना वाचून द्या."

हे वाक्य घेऊन मी आज तुमच्यापुढे उभी आहे.

ऊन कसे टाळावे

आता उन्हाकडे वळू. सकाळी अकरा ते दुपारी चार या वेळात ऊन कातडीला सर्वांत जास्त इजा करते. शक्य असेल तिथे कामाची वेळ बदला. शिबिराच्या रांगा सकाळी दहाच्या आत संपवा. बायाबापड्यांना पोरे काखेत घेऊन दुपारी उभे ठेवू नका. ही पहिली सेवा आहे, तिला पैसा लागत नाही.

दुसरे म्हणजे कपडा. शहरातल्या मुली सनस्क्रीनबद्दल विचारतात. ज्यांना परवडते त्यांनी एसपीएफ ३० किंवा त्यावरचे घ्यावे, बाहेर पडण्याच्या पंधरा-वीस मिनिटे आधी चेहरा, मान आणि कानांना भरपूर लावावे, आणि उन्हात असेपर्यंत दर दोन तासांनी पुन्हा लावावे. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला लावू नये, त्याला सावलीत ठेवावे. पण वीटभट्टीवरच्या किंवा शेतातल्या मजुराला हे सांगणे म्हणजे त्याची थट्टा आहे. त्याच्यासाठी लांब बाह्यांचा सैल सुती सदरा, डोक्याला उपरणे, मानेवर पदर, हेच खरे संरक्षण. नवऱ्याचा जुना फुलबाह्यांचा शर्ट साडीवर घालून बाया शेतात जातात, ती रीत अगदी योग्य आहे.

सावळ्या कातडीला ऊन लागत नाही हा गैरसमज आहे. सावळा रंग थोडे राखतो खरा, पण कातडी भाजते, काळवंडते, गालांवर वांग गडद होतात. अंगावर कोड असेल तर त्या पांढऱ्या जागी रंगच नसल्याने ती लवकर भाजते. ती झाकून ठेवायला सांगा. आणि लक्षात ठेवा, कोड संसर्गजन्य नाही, कुणाच्या पापाचे फळ तर मुळीच नाही.

कातडी भाजून लाल झाली तर आधी सावली, मग साध्या गार पाण्याच्या घड्या. बर्फ थेट लावू नका, टूथपेस्ट लावू नका, फोड फोडू नका. भरपूर पाणी पाजा. माणूस असंबद्ध बोलू लागले, अंग तापून चटका बसावा असे झाले, तर तो कातडीचा प्रश्न उरला नाही. तो उष्माघात आहे. ताबडतोब १०८ ला फोन करा, आणि गाडी येईपर्यंत अंग पाण्याने भिजवून वारा घालत राहा.

एक बादली पाणी

पुस्तकात लिहिलेले असते, उन्हाळ्यात दिवसातून दोनदा आंघोळ करा. मी हे एकदा एका वस्तीवर सांगितले, तेव्हा एक आजी म्हणाली, "मंग पाणी बी घिऊन येत जा." आपल्या शहरात नळाला कित्येक दिवसांनी एकदा पाणी येते. डोंगरवस्तीवर तर एक हंडा आणायला अर्धी सकाळ जाते. म्हणून मी आता एका बादलीची आंघोळ सांगते.

अर्धी बादली असली तरी घामाच्या जागा धुवायच्या. मान, काखा, छातीखालची घडी, कंबर, जांघा, पायाची बोटे. साबण साधा, आणि थोडाच. नंतर सुती फडक्याने टिपून त्या जागा पूर्ण कोरड्या करायच्या. ओली घडी ही बुरशीची पेरणी आहे. कामावरून आल्यावर घामाचे कपडे बदलायचे. दुसरे कपडे नसतील तर तेच काढून, उलटे करून उन्हात टाकायचे. पाणी विकत घ्यावे लागते, पण मराठवाड्यातले ऊन फुकट आहे. अंथरूण, गोधडी, लुगडे कडक उन्हात टाकणे हेही औषधच समजा.

घामोळ्या आणि गळवे

घामाची बारीक छिद्रे बुजली की घाम आतच अडकतो आणि घामोळ्या उठतात. त्याला उपाय मलमाचा नाही, वाऱ्याचा आहे. सैल सुती कपडा, सावली, ओल्या फडक्याने अंग पुसणे. फारच आग होत असेल तर कॅलामाइन लावा. पावडरीचे थरावर थर देऊ नका. घामात कालवून तिचा चिखल होतो आणि छिद्रे आणखी बुजतात. तान्ह्या बाळाला भर उन्हाळ्यात तेल थापून, टोपडे-झबले घालून, वर दुपट्यात गुंडाळतात, ते थांबवायला सांगा. आजीचे मन न दुखवता सांगा. बाळाला पातळ सुती झबले पुरे.

केसतोड आणि गळू हा जंतूंचा आजार. दाबून पू काढू नका. कोमट पाण्याच्या फडक्याने दिवसातून तीन-चार वेळा शेका. नाकावर किंवा वरच्या ओठावर गळू असेल, ताप आला असेल, लाली पसरत असेल, वारंवार गळवे होत असतील किंवा मधुमेह असेल, तर थेट दवाखाना. मुलांच्या नाकातोंडाभोवती मधाच्या रंगाची खपली धरलेली दिसली तर तेही पसरणारे दुखणे आहे. त्या मुलाचा पंचा वेगळा ठेवा, नखे कापा आणि त्याला दवाखान्यात दाखवा.

बिब्बा आणि आंबा

हा भाग शहरातल्या डॉक्टरांपेक्षा वस्तीवरची माणसे जास्त जाणतात. पायात काटा मोडला, टाच भेगाळली की बिब्बा गरम करून त्याचे तेल लावायची जुनी रीत आहे. पण बिब्ब्याचे तेल जहाल. पूर्वी परीट कपड्यावर न पुसणारी खूण करायला तेच वापरत. अंगावर लागले की काही जणांना ते उततं, म्हणजे काळा डाग पडून भोवती फोड येतात, आणि हात लागेल तिथे पसरते. कामात बिब्बा घालणे हा वाक्प्रचार उगीच आलेला नाही. तेल लागल्या लागल्या साबणाने भरपूर धुवा, नखांतलेही काढा. फोड मोठे असतील, तोंडावर किंवा डोळ्याजवळ असतील तर डॉक्टरांकडे न्या.

आंबा हा बिब्ब्याचाच भाऊबंद. एकाच कुळातली झाडे. आखाजीच्या सुमारास पोरांच्या ओठांच्या कोपऱ्यांना आणि गालांना फोड दिसतात, ते देठाच्या चिकामुळे. देठ कापून चीक गळू द्यावा, आंबा पाण्यात भिजत ठेवावा, मग खावा. खाल्ल्यावर तोंड धुवावे. रानात याच दिवसांत खाजकुयलीच्या शेंगा वाळतात. तिची कूस अंगाला लागली तर चोळू नका, चोळले की ती आत रुतते. चिकटपट्टी लावून ओढा, मग धुवा, कपडे बदला.

नायटा आणि खरूज, दोन्ही ओळखा

नायटा म्हणजे गजकर्ण. गोल चट्टा, कडा लाल आणि उंचवट्याची, मध्ये बरे झाल्यासारखे. कमरेला, जांघेत, काखेत जास्त. साधे बुरशीचे मलम, ज्यात स्टेरॉइड नाही, ते चट्ट्याच्या दोन बोटे बाहेरपर्यंत लावायचे, आणि चट्टा दिसेनासा झाल्यावरही दोन आठवडे लावायचे. जास्त पसरला असेल तर गोळ्या लागतात, त्या डॉक्टरच देणार. पंचा, कपडे, अंथरूण कुणाशी वाटून घेऊ नये. रॉकेल, चुना, वाटलेला लसूण लावल्याने कातडी भाजते, बुरशी तिथेच राहते. कडुनिंबाचा पाला घालून आंघोळ करायला हरकत नाही, पण तिला औषध समजून डॉक्टर टाळू नये.

खरूज वेगळी. ती बारीक किड्यामुळे होते. खाज रात्री वाढते, बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, बेंबीभोवती पुळ्या दिसतात, आणि घरातली तीन-चार माणसे एकदमच खाजवत असतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये खरजेला दुर्लक्षित आजारांच्या यादीत घातले. पाच टक्के परमेथ्रिनचे मलम रात्री मानेपासून तळपायापर्यंत लावून सकाळी धुतात आणि आठवड्याने पुन्हा लावतात. लहान बाळ आणि गरोदर बाई असेल तर आधी डॉक्टरांना विचारायचे. गोम इथे आहे की घरातल्या प्रत्येकाने, खाज असो वा नसो, एकाच रात्री लावायला हवे. एका माणसाला एक ट्यूब देऊन आपण घरी आलो तर ती ट्यूब वाया गेली. कपडे-अंथरुणे त्याच दिवशी गरम पाण्यात धुवून उन्हात टाकायची. आणि किडा मेल्यावरही दोन-तीन आठवडे खाज राहते, हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर माणसे घाबरून रोजच मलम चोपडतात.

नाडीखालचा घाव

भगिनींसाठी एक गोष्ट. परकराची नाडी वर्षानुवर्षे एकाच जागी करकचून बांधली, की उन्हाळ्यात तिथे घाम, काचणे, खाज, काळा पट्टा हे सुरूच राहते. बहुतेक वेळा एवढ्यावरच थांबते. पण क्वचित तिथे न भरणारी जखम होते आणि तिचा कॅन्सर होतो. डॉ. खानोलकर आणि सूर्याबाई यांनी १९४५ मध्ये मुंबईतून धोतराच्या जागी होणाऱ्या कॅन्सरची नोंद केली होती. अलीकडे, २०२४ मध्ये, वर्ध्याच्या आणि बिहारच्या डॉक्टरांनी परकराच्या नाडीखाली असाच कॅन्सर झालेल्या वयस्क स्त्रियांबद्दल लिहिले. घाबरायचे नाही. नाडी सैल बांधा, रुंद पट्टी शिवून घ्या, रोज जागा थोडी बदला. आणि कमरेची जखम महिनाभरात भरली नाही तर लाजू नका, दाखवा. वस्तीवर ही चौकशी बायांनीच बायांची करायची, आडोशाला, आणि हलक्या आवाजात.

जो चट्टा खाजत नाही

आतापर्यंत खाजणाऱ्या गोष्टी सांगितल्या. आता न खाजणाऱ्या चट्ट्याबद्दल सांगते, कारण त्यात माणसाचे सगळे आयुष्य पणाला लागलेले असते.

वीटभट्टीवर काम करणारा एक तरुण. कोपराजवळ फिकट तांबूस चट्टा. तो दुसऱ्याच कारणासाठी आला होता. मी विचारले तर म्हणाला, "त्याचं काई नाई, ना दुखतं ना खाजतं." आशाताईने त्याला डोळे मिटायला सांगून चट्ट्याला कापसाचा बोळा लावला. त्याला कळले नाही. मग त्याच्या हाताच्या करंगळीकडे पाहिले, तिथे भाजल्याचा जुना व्रण होता. कधी भाजले तेही त्याला ठाऊक नव्हते.

तो कुष्ठरोग होता. प्राथमिक आरोग्य केंद्रात त्याला औषध सुरू झाले. हे औषध सरकारी केंद्रांत पूर्ण मोफत मिळते, आजाराच्या प्रकारानुसार सहा किंवा बारा महिने घ्यावे लागते, आणि सुरू केल्यावर थोड्याच दिवसांत त्या माणसापासून दुसऱ्याला लागण होण्याची भीती उरत नाही. औषधापेक्षा कठीण काम घरात होते. सासुरवाडीच्या माणसांनी त्याच्यासाठी वेगळी झोपडी बांधायला घेतली होती. आम्ही तिथे गेलो, त्याच्या ताटातली भाकरी मोडून घेतली आणि त्याच्या शेजारी बसून खाल्ली. फार बोललो नाही. झोपडी अर्धीच राहिली. आज तो बरा आहे, हात शाबूत आहे, आणि भट्टीवर नवीन मजूर आला की त्याच्या अंगावरचे चट्टे तोच तपासतो.

आपल्या सेवेची मुळे या आजारात खोल गेलेली आहेत. वेलस्ली बेली यांनी १८७४ मध्ये कुष्ठरोग्यांसाठी मिशन सुरू केले. मेळघाटाच्या पायथ्याशी कोठाऱ्याचे रुग्णालय त्याच परंपरेतले. बाबा आमट्यांनी १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन केली आणि वरोऱ्याजवळ आनंदवन उभे राहिले. त्या पहिल्या दिवसांत आजच्यासारखे खात्रीचे औषध नव्हते, तरी माणसे जवळ गेली. आपल्याजवळ औषध आहे.

लेवीय पुस्तकाच्या तेराव्या अध्यायात याजक चट्टा पाहतो, सात दिवस थांबतो आणि पुन्हा पाहतो. तिथला आजार आणि आजचा कुष्ठरोग एकच नव्हेत. तिथे तर कपड्यावरच्या डागांनाही तेच नाव आहे. पण घाईने निकाल न देता पुन्हा पाहणे, हे आपण त्यातून घ्यावे. मार्काच्या पहिल्याच अध्यायात प्रभू त्या माणसाला बरे करण्याआधी हात लावतो, हेही घ्यावे. आणि २ राजेच्या पाचव्या अध्यायातली ती बंदिवान मुलगी. नामानाला तिने बरे केले नाही. कुणाकडे जायचे, एवढेच तिने सांगितले. मित्रांनो, वस्तीवर आपण संदेष्टे नाही, डॉक्टर नाही. आपण ती मुलगी आहोत. कुणाकडे जायचे ते नीट ठाऊक असणे, ते सांगणे, आणि गाडीभाडे नसेल तर सोबत जाणे, एवढे आपले काम.

आता मागणी

शेवटी मंडळीकडे आणि दूरवरून हे वार्तापत्र वाचणाऱ्या हितचिंतकांकडे काही मागायचे आहे.

पहिली मागणी, काही गोष्टी देऊ नका. घरात उरलेली, अर्धी वापरलेली मलमे आणि गोळ्या आता पाठवू नका. तुमच्या प्रेमाबद्दल शंका नाही. माझ्या डब्यातली ती ट्यूबही कुणीतरी प्रेमानेच दिली होती. स्वतःच्या घरातल्या ट्यूबही आज उलट्या करून वाचा. क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, बेक्लोमेथासोन, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यांपैकी एखादे नाव दिसले तर ते डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय कुणाच्याही अंगाला लावू नका, चेहऱ्याला तर नाहीच. गोरे होण्यासाठी म्हणून आणलेल्या क्रीमही याच नजरेने वाचा. मात्र डॉक्टरांनी तुम्हाला दिले असेल तर घाबरून एकाएकी बंदही करू नका, त्यांना विचारा.

दुसरी मागणी, काय द्यावे. लांब बाह्यांचे सुती सदरे, नवे किंवा स्वच्छ धुतलेले. उपरणी, सुती पंचे, प्रत्येक घराला माणसागणिक एक. साधा अंगाचा साबण. नखे कापायची यंत्रे. झाकणाच्या बादल्या. परकरासाठी रुंद पट्ट्या. महिला संघाच्या भगिनींनी त्या शिवायचे कबूल केले आहे. आणि जे पैसे देतील त्यांच्या पैशातून डॉक्टरांच्या चिठ्ठीप्रमाणे संपूर्ण कुटुंबापुरते औषध घेतले जाईल, किंवा घाटीपर्यंतचे एस.टी.चे भाडे दिले जाईल.

तिसरी मागणी तरुणांकडे. शिबिराच्या वहीत यंदा एक रकाना वाढवला आहे, 'पुन्हा पाहिले' असा. ज्याला आपण काहीही दिले, त्याच्याकडे दोन आठवड्यांनी परत जायचे आणि त्या रकान्यात तारीख लिहायची. मी जर दोन आठवड्यांनी परत जाऊन नीट पाहिले असते, नुसते आभार ऐकून डोंगर उतरले नसते, तर त्या मुलीचा गाल वाचला असता.

ती बहीण यंदाही तोडीवरून परत आली आहे. पहिल्या शिबिराला तिने बायांच्या रांगेची जबाबदारी घेतली आहे. तिला वाचता येत नाही. पण प्रत्येक ट्यूब ती आपल्यापैकी कुणाकडून तरी वाचून घेणार आहे आणि मगच हातात देऊ देणार आहे. तिने विचारले तर कंटाळू नका. मोठ्याने वाचून दाखवा.

पत्र्याचा तो डबा मी आज सोबत आणला आहे. रिकामा आहे, दाराशी ठेवला आहे. जाताना त्यात साबणाची वडी टाकायची असेल तर जरूर टाका.

प्रभू तुम्हा सर्वांना या उन्हाळ्यात सावलीत राखो. सलाम.